रूपचंदले सांगा

विद्यापीठाकडून एक प्रश्नावली आली होती. प्राध्यापक मंडळी तंत्रज्ञान किती वापरतात, वापरत नसतील तर काहून वापरत नाहीत, हे कुणीतरी शोधून राहिलं होतं. पन्नास प्रश्न, प्रत्येकापुढे पाच गोल, सगळं ऑनलाइन भरायचं. आमच्या कॉलेजात आम्ही बावीस पर्मनंट प्राध्यापक. बावीसही फॉर्म एका दुपारीत भरून झाले, आणि बावीसही एकाच माणसानं भरले. रूपचंद ठवकरनं.

आणि काय डोकं लावून भरले! सगळ्यांची उत्तरं सारखी दिसली तर शंका येते, म्हणून त्यानं प्रत्येकाचा स्वभाव पाहून गोल निवडले. इकॉनॉमिक्सच्या पटले सरांना 'नेहमी वापरतो' दिलं, कारण पटले सर कशातच मागे राहत नाहीत. मला 'बहुतेक वेळा' दिलं आणि अडथळ्यांच्या रकान्यात 'वीजपुरवठा' टाकलं. मी वाचून मान डोलावली. खरं कारण त्या पन्नास प्रश्नांत कुठंच नव्हतं. आम्ही तंत्रज्ञान वापरत नव्हतो कारण आमच्याकडे रूपचंद होता.

"तुझा भरला का रे?" मी विचारलं.

"माह्यासाठी रकाना नाही जी. 'नियमित शिक्षक' एवढंच आहे त्याच्यात."

"मग बरं झालं. तेवढंच काम वाचलं तुझं."

हे मी बोललो. मी, प्राध्यापक कटरे, भूगोल विभागप्रमुख. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती, आणि खोटं कायले सांगू?

आमचं कॉलेज तुमसर तालुक्यातलं, सिहोऱ्याकडच्या धानाच्या पट्ट्यात. नाव सांगत नाही. आमच्या विभागात दोन जागा मंजूर. एक माझी. दुसरी वर्षानुवर्षं रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेचे तास रूपचंद घ्यायचा, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवेल तेवढ्याच तासांचा मोबदला, उन्हाळ्यात घरी, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत, जणू काही पहिल्यांदाच आलाय. असे चौदा जून त्यानं काढले. त्याला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती: ती दुसरी जागा. भरती निघेल तेव्हा ती आपल्याला मिळेल, कारण आपण इथं सगळ्यांचं एवढं करतो, असं तो धरून चालला होता. आम्हीही त्याला तसं धरू दिलं.

दिसायला अगदीच साधा. किडकिडीत, गालफडं बसलेली, शर्टाच्या आत काळ्या दोऱ्यात ओवलेले दोन पेन ड्राइव्ह. एकात त्याचं, एकात आमचं. नाकाडोंगरीहून जुन्या मोटरसायकलवर यायचा, जंगलातल्या रस्त्यानं, आणि पावसाळ्यात लॅपटॉप युरियाच्या धुतलेल्या थैलीत गुंडाळून पोटाशी बांधायचा. स्वतः ओलाचिंब, लॅपटॉप कोरडा. स्टाफरूममध्ये शिरताना दारात थांबून "येऊ का जी?" विचारायचा. चौदा वर्षं विचारलं. चौदा वर्षांत एकानंही त्याला सांगितलं नाही की बाबा, विचारू नको, ये आणि बस. आमचं हजेरीचं मस्टर जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडाचं. त्याच्यासाठी दोनशे पानी वही होती, वर हातानं रेघा मारलेली. चहा आला की आम्हाला कप, त्याला कागदी पेला.

काहीही सांगा, त्याचं उत्तर एकच. "होऊन जाईल जी." आणि व्हायचंही. शिष्यवृत्तीचं पोर्टल, परीक्षेचे गुण चढवणं, पदोन्नतीचे फॉर्म, सगळ्यांचे पासवर्ड, सगळ्यांच्या ओटीपीचे फोन. नवा कारकून आला, प्राचार्य बदलले, तरी कुणी काही विचारलं की स्टाफरूममधून एकच आवाज निघायचा, "रूपचंदले सांगा."

त्याची एक गंमत होती. ज्याच्या नावानं लॉगिन करायचा, तेवढ्या वेळापुरता तो माणूस व्हायचा. पटले सरांचं काम असलं की खुर्चीत मागे रेलायचा, मांडीवर मांडी टाकायचा, घसा खाकरायचा आणि कॉम्प्युटरला म्हणायचा, "अबे चाल ना लवकर, मले मीटिंगले जाचं आहे." माझं काम असलं की चष्मा नाकावर ओढून पुटपुटायचा. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची. आम्हाला वाटायचं, पोरगा मजेत आहे. स्वतःच्या नावानं लॉगिन केल्यावर तो कसा बसतो, हे पाहायचं कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

करोनाच्या वेळी आमच्या बढतीसाठी लागणारे रिफ्रेशर कोर्स ऑनलाइन झाले आणि आमची चंगळच झाली. पूर्वी पंधरा दिवस परगावी जाऊन बसावं लागायचं. आता घरी पंख्याखाली लोळा, कोर्स रूपचंद करेल. तो तीन यंत्रं मांडून तिघा जणांचे कोर्स एकाच वेळी करायचा. कॅमेरे बंद. तिकडून हाक आली, "पटले सर, ऐकू येतंय का?" की हा पटले सरांचा खर्जातला आवाज काढून "येतंय, येतंय" म्हणायचा. भूगोलाचे चाळीस व्हिडिओही त्यानंच केले आणि माझ्या नावानं चढवले.

पटले सरांच्या कोर्सचं शेवटचं सादरीकरण होतं, त्याच दिवशी रूपचंदच्या बायकोला कळा सुरू झाल्या. भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. तिथून त्यानं पटले सरांना फोन केला. "सर जी, आज तुमीच बोलता का? सगळं लिहून धाडतो, फक्त वाचाचं आहे."

पटले सर म्हणाले, "अबे, मले ते शेअर स्क्रीन का काय ते जमते का? अन् बाळंतीण तू आहे का तुही बायको? तुले तिथं करायचं काय आहे?"

रूपचंदनं दवाखान्याच्या जिन्यात बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, पटले सरांच्या आवाजात तलावांच्या सिंचनावर वीस मिनिटं सादरीकरण केलं. मधे नर्स येऊन पोरगी झाली म्हणून सांगून गेली. त्यानं हातानं थांबा अशी खूण केली, कारण प्रश्नोत्तरं चालू होती. पोरीचं तोंड पाहिलं ते परीक्षकांनी "थँक यू, पटले सर" म्हटल्यावर. पटले सरांना 'अ' श्रेणी मिळाली. प्रमाणपत्र त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. आणि हा किस्सा आमच्या स्टाफरूममधला सगळ्यात आवडता किस्सा झाला. नवीन कुणी आलं की पटले सर तो रंगवून सांगायचे, नर्सची नक्कल करायचे, आणि आम्ही पोट धरून हसायचो. रूपचंद तिथंच असला तर तोही हसायचा. त्याला हसावंच लागायचं ना जी.

मधे एकदा त्याच्या मनात आलं की आम्हाला शिकवावं. प्राचार्यांना विचारून त्यानं जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास मागून घेतला. हातानं लिहिलेल्या, बाण काढलेल्या पुस्तिका तयार केल्या, प्रत्येकासाठी एक, त्याच्या त्याच्या अडचणीप्रमाणे वेगळी. माझ्या पुस्तिकेवर पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'घाबरू नये. काही बिघडत नाही.' पहिल्या दिवशी आम्ही सात-आठ जण गेलो. फळ्यावर तो लॉगिनची आकृती काढत होता, आणि मागून पटले सर मोठ्यानं बोलले, "रूपचंद, आमी शिकलो तं मंग तू काय करशील बे?"

सगळे हसले. रूपचंदही हसला, पण खडू हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो वर्ग भरला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि कुणी त्याला विचारलंही नाही. तो धमकी समजला होता, आणि ती धमकीच होती.

आता माझं सांगतो. मी ती पुस्तिका घरी नेली होती. आठवडाभर दार लावून बसलो आणि शिकलो. पोर्टल उघडता यायला लागलं, गुण भरता यायला लागले, स्लाइडही करता यायला लागल्या. काही कठीण नव्हतं, पोरखेळ होता. आणि मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं काम मला करावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन मी रूपचंदला म्हटलं, "बाबा, आपल्याच्यानं काही होत नाही, तूच पाह्य." तो म्हणाला, "होऊन जाईल जी." एवढा हरामखोरपणा मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशी केला नाही.

कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती यायची होती. प्राचार्यांनी हुकूम काढला की भूगोलाचा स्मार्ट क्लासरूममधला तास समितीला दाखवायचा, आणि तो पर्मनंट माणसानं घ्यायचा. म्हणजे मी. स्लाइड रूपचंदच्या, नकाशे रूपचंदचे, वैनगंगेच्या खोऱ्याचा हलता नकाशा त्यानं तीन आठवडे खपून केलेला. मी पडद्यापुढे उभा राहून बोलणार, आणि तो मागच्या नकाशांच्या कोठीत बसून, तिथून स्लाइड पुढे सरकवणार. मी छडी टेबलावर ठोकली की पुढची. तास झकास झाला. समितीतल्या एका बाई म्हणाल्या, "या वयात एवढी सहजता! कौतुक आहे, सर." मी विनयानं हात जोडले.

समितीची नजर जाऊ नये म्हणून कोठीला बाहेरून कडी लावायला शिपायाला सांगितलं होतं. सांगणारा मीच. तास संपला, समिती जेवायला निघाली, मीही निघालो. मटण छान झालं होतं. दुपारी चारला, पान खाताना मला एकदम आठवलं. धावत गेलो, कडी काढली. कोठीत खिडकी नाही, वर पत्रा, महिना एप्रिलचा. तो जमिनीवर बसला होता, शर्ट काढून, गुंडाळलेल्या नकाशांना टेकून. ओठ पांढरे पडलेले.

"अरे, दार ठोकायचं ना! फोन करायचा ना मले!"

"समिती असन म्हून नाही ठोकलं जी." उठताना त्यानं भिंत धरली. "झालं ना जी चांगलं? नकाशा अटकला तं नाही?"

नकाशा अडकला नव्हता. कॉलेजला चांगला दर्जा मिळाला. दर्जा मिळाला म्हणूनच पुढच्या वर्षी भरतीला परवानगी आली. ज्या जागेची तो चौदा वर्षं वाट पाहत होता ती जागा त्यानंच उघडून आणली, असं म्हटलं तरी चालेल.

जाहिरात निघाली त्या दिवशी तो पेढे घेऊन आला. मी म्हटलं, अरे, अजून व्हायचं आहे. तो म्हणाला, "सर, मुलाखतीत तुमीच तं आहा." विभागप्रमुख म्हणून निवड समितीत मी असणार होतो. त्याचा सगळा भरवसा त्या एका वाक्यात होता, आणि मी पेढा तोंडात टाकला.

मुलाखतीच्या सकाळी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "कटरे सर, रूपचंद पोरगा चांगला आहे, माह्या मनात काही नाही. पण तो पर्मनंट झाला तं मंग तो आपलं ऐकन का? उद्या तोही म्हणन, रूपचंदले सांगा. कोणत्या रूपचंदले सांगाचं मंग?" त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "अन् तुमच्या प्रोफेसरपदाच्या बढतीचं प्रकरण विद्यापीठात आहे. ते चाळीस व्हिडिओ तुमच्या नावावर आहेत ना? उगा कोणी उकरून काढलं तं तुमालेच जड जाईल." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी.

मुलाखतीला रूपचंद इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. विषयाचे प्रश्न झाले, त्याची उत्तरं फटाफट. मग विद्यापीठाच्या तज्ज्ञ बाईंनी त्याचा अर्ज पुढे ओढला. त्यात एक रकाना होता: ई-साहित्य, ऑनलाइन कोर्स, अध्यापनातील तंत्रज्ञान. रूपचंदनं तो कोरा ठेवला होता. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं लिहिलं तर आम्ही बावीसच्या बावीस खोटे पडलो असतो. त्यानं आम्हाला सांभाळून घेतलं होतं.

बाई म्हणाल्या, "ठवकर, मला आश्चर्य वाटतं. या कॉलेजचं या बाबतीत एवढं नाव आहे. तुमचे विभागप्रमुखच बघा, चाळीस व्हिडिओ, इतके सुंदर नकाशे. चौदा वर्षं तुम्ही त्यांच्या हाताखाली आहात. त्यांच्याकडून काहीच शिकला नाहीत?"

रूपचंदनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मागायला आल्यासारखंही नाही. वर्गात पोराला उत्तर येत असतं आणि आपण त्याच्या बोलण्याची वाट पाहतो, तसं पाहिलं. एक शब्द पुरला असता. 'बाई, ते व्हिडिओ यानं केलेत,' एवढं वाक्य. माझ्या जिभेवर होतं ते. मी गुणपत्रिकेवर मान घातली.

"शिकाले पाहिजे होतं जी," रूपचंद बाईंना म्हणाला.

त्या रकान्यात मी त्याला शून्य दिलं. रकाना कोरा होता ना, नियमच तसा आहे. बाहेरगावचा एक मुलगा निवडला गेला, पस्तिशीतला, दोन कोर्सची प्रमाणपत्रं असलेला.

जागा भरली की तासिका तत्त्वावरचे तास आपोआप संपतात. रूपचंदचा शेवटचा दिवस आणि नव्या माणसाचा पहिला दिवस एकच आला. नव्यानं स्टाफरूममध्ये विचारलं, "सर, इथं पोर्टलवर नाव चढवायचं असते, ते कोण पाहते?" आणि सवयीनं, अगदी नकळत, पटले सर म्हणून गेले, "रूपचंदले सांगा." रूपचंद दारातच होता. तो आत आला, या खेपेला विचारल्याशिवाय, आणि त्या पोराची माहिती भरून दिली. भूगोल विभाग, सहायक प्राध्यापक, नियमित. सगळं त्यानं स्वतःच्या हातानं टाइप केलं. फोटोत पोराची कॉलर वाकडी दिसत होती, तर दुसरा फोटो काढायला लावला. "कायमचा राहते हा फोटो, चांगला पाहिजे," म्हणाला.

जाताना प्रत्येकाच्या टेबलावर बंद पाकीट ठेवून गेला. आत त्याचा त्याचा पासवर्ड, सुवाच्य अक्षरात. पटले सरांचा पासवर्ड 'आराध्या' आणि पुढे एक तारीख. पटले सर दोन दिवस सगळ्यांना विचारत होते, "ही आराध्या कोण आहे बे? माह्या घरी तं कोणी नाही." मला माहीत होतं. ती रूपचंदची पोरगी, आणि तारीख दवाखान्यातल्या जिन्याची. मी सांगितलं नाही. रिटायर होईपर्यंत पटले सर एका बोटानं ते नाव शोधून शोधून दाबत राहिले.

माझं प्रोफेसरपद झालं. मीही रिटायर झालो आणि भंडाऱ्याला राहायला आलो. पेन्शनवाल्याला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आता तोही मोबाइलवर, चेहरा दाखवून. खरं तर मला तो घरबसल्या करता आला असता. पण हाडात मुरलेली सवय जात नाही, मी दुसऱ्याकडून करून घ्यायला निघालो. एसटी स्टँडजवळच्या गल्लीत ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत, त्यातल्या एकात शिरलो. आतल्या रांगेत पाच-सहा म्हातारे होते. माझा नंबर आला आणि काउंटरमागे पाहतो तर रूपचंद.

केस पिकले होते. मला पाहून उठून उभा राहिला. "या ना जी सर, बसा." खुर्ची पुढे सरकवली. तब्येत विचारली, मॅडमची विचारली. माझी सगळी माहिती भरली, मोबाइल हातात धरला आणि माझ्या तोंडासमोर आणला.

मोबाइलच्या मागे त्याचा चेहरा होता. मला तिकडंच पाहावं लागत होतं. आणि इतकी वर्षं अडकलेलं ते एकदम वर आलं. "रूपचंद," मी म्हटलं, "त्या दिवशी त्या बाईंनी विचारलं, तवा मी..."

"बोलू नोका जी," तो हळूच म्हणाला. मोबाइल जरा सरळ केला. "तोंड हाललं का मशीन घेत नाही."

मी तोंड मिटलं. तेवढं मला येतं.